खुंटीवरचे रावसाहेब

९ जानेवारी १९६१, यवतमाळ

मुंबईहून परिपत्रक आले आहे. संग्रहालये लोकाभिमुख करा! लोक म्हणजे कोण ते दिलेले नाही. अहवाल मात्र तीन प्रतींत हवा.

आमचे संग्रहालय म्हणजे कै. रावसाहेब घुईखेडकर कलासंग्रहालय. जिनिंगच्या पैशातून बांधलेला बंगला. आत पेंढा भरलेली नीलगाय. जपानी फुलदाण्या. प्लास्टरची एक ग्रीक बाई, तिला महिला मंडळाने पदर पुरवला आहे. आणि दर्शनी भिंतीवर स्वतः रावसाहेब. तैलचित्र, कमरेपर्यंत. पगडी, मिशा, सोनेरी चौकट. कुठेही उभे राहा, ते तुमच्याकडेच बघतात. दिवसभर मी आणि रावसाहेब एकमेकांकडे बघत असतो. अभिरक्षक म्हणून पगार मला मिळतो.

१५ जानेवारी, रविवार

'कला आणि जीवन' व्याख्यानमालेचे पहिले पुष्प. श्रोते: महिला मंडळाच्या विमलताई, मी, शिपाई रामलाल आणि रामलालचा मेहुणा. मेहुणा महागावहून दवाखान्यात आला होता, सावली बघून बसला. वक्त्यांनी सुरुवात केली — 'या विराट जनसमुदायासमोर...'

मेहुण्याने मागे वळून पाहिले.

रामलाल नंतर म्हणाला, 'साहेब, लोक नीलगाय पाहाले येतेत. भाषणाच्या भेवानं तेही येत नाईत.'

१८ जानेवारी

कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष अण्णासाहेब घुईखेडकर, रावसाहेबांचे चिरंजीव. पुढच्या साली निवडणुकीला उभे राहायचे ठरल्यापासून ते चहा मागवतानाही 'जनता' म्हणतात. विमलताई महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि आमच्या कार्यक्रमांच्या चिटणीस. त्यांनी उपाय काढला. लोक वस्तू पाहायला येत नाहीत ना? मग लोकांच्याच वस्तू आणा. वस्तूंच्या मागे लोक येतील!

गाय विकत घेतली की वासरू मागून येते, तसे.

ठराव संमत. दारव्ह्याजवळच्या तांड्यातून काही उसने आणायचे. मी जायचे. अण्णासाहेब मला पदवीनेच हाक मारतात. म्हणाले, 'अहो एम. ए., तिथे जरा साधे बोला.'

मी बोलतच कुठे असतो?

२३ जानेवारी

छोट्या गाडीने दारव्हा, पुढे बैलगाडी. बैलगाडीला वेग जास्त.

तांड्याचा नाईक किसनसिंग. म्हातारा, लाल पागोटे, भर बाजारात बोलल्यासारखा आवाज. त्याला संग्रहालय समजावून सांगितले.

'म्हंजे तुमी घरात वस्तू ठेवता. आन् वापरत नाई.'

नाही.

'मंग ते वस्तू करते काय?'

असते, म्हटले. लोक बघतात.

'आमच्या इथं असा एक म्हातारा होता,' नाईक म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. उपाय नव्हता.

मग देवसिंगच्या घरात नेले. देवसिंग चिलीम ओढतो, बोलत नाही. बोलायचे काम त्याच्या बायकोकडे — सुखीबाई. पण नाईक तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ; त्याच्यासमोर आणि माझ्यासमोर तिचा घुंगट छातीपर्यंत. आतल्या बाजूला खुंटीवर एक फेटिया टांगलेला. फेटिया म्हणजे त्यांचा घागरा. आरसे, कवड्या आणि टाके इतके दाट की मूळ कापड कुठले ते कळेना. मुलगी रामी जन्मली तेव्हापासून सुखीबाई तो शिवते आहे. आता शिवून झाला, रामीही मोठी झाली. वैशाखात लग्न आहे. अंगावर हा फेटिया घालून ती सासरी जाणार.

मी सौंदर्यशास्त्राचे दोन पेपर दिले आहेत. मी म्हटले, 'छान आहे.'

रामनवमीपर्यंत उसना द्या, म्हटले. सुखीबाई घुंगटातून आपल्या बोलीत नाईकाशी बरेच बोलली. नाईकाने मला तिचे मराठीत आणि थोडक्यात सांगितले — 'मागं काय ठेवता?'

मी छापील पावती काढली. शिक्क्याची.

नाईक म्हणाला, 'आमचे आजे-पंजे बैलाइवर मीठ वाह्यत, धान्य वाह्यत. कोनाचा माल उचलला तं आपलं काईतरी त्याच्या घरी ठेवूनच निघत. थाळी, कडं. येखांद्या वक्ती पोरगं! खुंटी रिकामी सोडाची नाई. हा कागद टांगून पाहा खुंटीले, कसा दिसते?'

टांगला. पडला.

रामी दारामागून इतक्या मोठ्याने हसली की देवसिंगनेही चिलीम तोंडातून काढली.

'तुमच्या घरातलं जे सर्व्यात मोठं असंल ते आनजा,' नाईक म्हणाला. 'मंग फेटिया न्या.'

२६ जानेवारी

झेंडावंदन, जिलबी, बैठक. तांड्यात काय ठेवायचे?

जपानी फुलदाणी — विमलताई म्हणाल्या, फुटेल. नीलगाय — वाटेत गवत निघेल. ग्रीक बाई — कोणी काही बोलले नाही.

मग अण्णासाहेब उभे राहिले. 'बाबा जातील! बाबा आयुष्यभर जनतेतच होते!'

खरे आहे. रावसाहेबांचा कापसाचा काटा अजून जनतेच्या लक्षात आहे.

अट एकच. दोन एप्रिलला रावसाहेबांची शंभरावी जयंती, मुंबईहून उपमंत्री येणार, तसबिरीला हार घालणार. त्याआधी रावसाहेब घरी पाहिजेत. रामनवमीला फेटिया इकडून तिकडे, रावसाहेब तिकडून इकडे. सोपे आहे!

३० जानेवारी

रावसाहेब निघाले. स्टेशनवर बाबू म्हणाला, माल की प्रवासी? चौकटीला धक्का लागू नये म्हणून मी 'प्रवासी' म्हणणार होतो. माल ठरले. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जागा मिळाली. पुढे बैलगाडीत रामलालने त्यांच्यावर छत्री धरली. रस्त्यातल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले, मग जवळून पाहिले आणि हात सोडले. कापूस विकत असावा.

तांड्यात रावसाहेब फेटियाच्या खुंटीवर चढले. वजन जास्त, म्हणून शेजारी दुसरी खुंटी ठोकली.

परतताना फेटिया माझ्या मांडीवर, चादरीत गुंडाळून. धुराचा वास. रामलाल म्हणाला, 'नवरी घेऊन चाल्ल्यावानी बसले तुमी, साहेब.'

५ फेब्रुवारी, रविवार

प्रदर्शनाचे उद्घाटन. शीर्षक विमलताईंचे: 'भटक्यांची कला'. तांडा दोन पिढ्या एकाच जागी शेती करतो आहे, हे मी सांगितले. त्या म्हणाल्या, 'भटक्यांची' हा शब्द गोड वाटतो.

नाईक, सुखीबाई आणि रामी आले होते. अण्णासाहेबांनी फीत कापेपर्यंत त्यांना व्हरांड्यात थांबवले. मग सुखीबाई सरळ फेटियाकडे गेली आणि त्याची दुमडलेली कड बोटांनी उलटी केली.

रामलाल ओरडला, 'हात लावू नये!' तशी पाटी आहे. पाटी मीच लिहिली आहे.

'माहा हाये,' सुखीबाई म्हणाली.

'आता म्युझियमचा हाये.'

रामी म्हणाली, 'मंग वैशाखात मी म्युझियमच्या घरी नांदाले जाऊ का?'

अण्णासाहेबांनी विचारले, काय म्हणते ती? मी म्हटले, फार आनंद झाला म्हणते.

१४ फेब्रुवारी

लोकसंपर्क, भाग दोन. विमलताई महिला मंडळासह तांड्यात. तेथील भगिनींना भरतकाम शिकवण्यासाठी!

नमुना: रुमालावर पोपट. तासभर मार्गदर्शन झाले. सुखीबाईने रुमाल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग नाईकाच्या सुनेला काहीतरी म्हणाली, सगळ्याजणी घुंगटात हलू लागल्या. विमलताई मला म्हणाल्या, 'लाजतात बिचाऱ्या.'

मी रामीला बाजूला विचारले. ती म्हणाली, 'याडी म्हन्ते, हे पाखरू आजारी हाये का? बसूनच हाये तवापासून.'

याडी म्हणजे आई. अहवालात लिहिले: प्रतिसाद उत्साहवर्धक.

१९ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे उसन्या दिलेल्या वस्तूची पाहणी करायला तांड्यात गेलो. रावसाहेब भिंतीकडे तोंड करून!

चौकशी केली. दोष चित्रकाराचा आहे. कुठेही उभे राहा, बघतातच. परका म्हातारा माणूस रात्रंदिवस घरात, आणि नजर हलवत नाही. सुखीबाईला स्वतःच्या घरात घुंगट काढता येईना. घुंगटातून भाकरी करायची, घुंगटातून चूल फुंकायची. आठवडाभर देवसिंगला करपलेल्या भाकरी. मग त्यांच्यावर धडपा टाकला, तो वाऱ्याने उडे. मग तोंड फिरवले. तर शेजारी म्हणू लागले, पाहुण्याला असे कोणी बसवते का?

देवसिंग आज माझ्याशी पहिल्यांदा बोलला. 'तुमचा म्हातारा घेऊन जाजा, मास्तर. भूक लागून राह्यली.'

लिंबाखाली बैठक बसली. नाईकाने प्रश्न मांडला: हा माणूस सुखीचा कोण? सासरा धरला तर घुंगट आलाच. दीर-जेठ धरला तरी तेच. बाप धरला तर घुंगट नाही. सुखीचा बाप लहानपणीच गेला. भाऊ नाही. ती जागा रिकामी आहे. मग याला बाप का धरू नये?

कोणाची हरकत नव्हती. रावसाहेबांचीही दिसली नाही.

गूळ वाटला. रावसाहेबांना सरळ केले. नाईक बाहेर उभा राहिला आणि ओरडला, 'सुखी, हा आजपासून तुहा धरमबाप!' सुखीबाईने तसबिरीसमोर जाऊन घुंगट वर केला. बराच वेळ उभी होती. तिचे तोंड मी तेव्हा पाहिले असते. मी रावसाहेबांचा कोणी नाही. म्हणून बाहेर बैलाकडे पाहत राहिलो.

अहवाल: चित्राची स्थिती उत्तम. नातेसंबंधात किरकोळ बदल.

३ मार्च

होळी तांड्यात पाहिली. इथली होळी म्हणजे वर्षाचा खरा सण. रात्रभर गाणी, डफ. आसपासच्या तांड्यांवरून माणसे आलेली. का, तर सुखीचा बाप पाहायला! रांग लागली होती. कोणी नारळ ठेवी, कोणी म्हणे डोळे सुखीसारखेच आहेत. एका म्हातारीने त्यांच्या डाव्या गालाला गुलाल लावला. तो आता निघत नाही. तेलाने पसरतो.

नाईक म्हणाला, 'तुमच्याकडं किती लोक येतेत, मास्तर?'

येतात थोडे. नीलगाईसाठी.

'पाह्यलं? आमची खुंटी चालून राह्यली.'

खरी गोष्ट. व्याख्यान नाही, फीत नाही, परिपत्रक नाही.

११ मार्च

चार दिवस नागपूरला होतो. परत आलो. फेटियाची जागा रिकामी.

रामलाल नीलगाय झटकू लागला. शेवटी म्हणाला, 'दिल्ली.'

दिल्लीत लोककलांचे प्रदर्शन भरते आहे. कोणी अधिकारी येऊन गेले, त्यांना फेटिया आवडला, अण्णासाहेबांनी त्याच दिवशी बांधून दिला. मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. म्हटले, वस्तू आपली नाही. उसनी आहे.

'अहो एम. ए.! आमच्याकडे शेजारीण साखर उसनी नेते आणि तिसरीला देते. कोणी पोलिसात जाते का?'

वैशाखात लग्न आहे, म्हटले. त्याआधी रामनवमी. शब्द दिला आहे.

'येईल हो परत! दिल्ली आहे, चंद्र नाही. आणि पाहा, यवतमाळचे नाव दिल्लीत!'

फेटियावर यवतमाळचे नाव कुठेही नव्हते. आरसे होते.

१२ मार्च

दिल्लीला तार केली.

१६ मार्च

दिल्लीला दुसरी तार.

२१ मार्च

उत्तर आले. 'आपल्या संग्रहालयाच्या उदार देणगीबद्दल आभारी आहोत.'

देणगी!

सोबत अण्णासाहेबांच्या नावाचे प्रशस्तिपत्र आणि एक छायाचित्र. घेर उसवला आहे. कमरेची पट्टी काढून टाकली आहे. कापड सपाट ताणून चौकटीत, वर काच. 'त्यामुळे नक्षीचे आकलन सुलभ होते.'

विमलताईंनी छायाचित्र हातात घेतले. 'अगं बाई! आता खरी कला दिसते!'

अण्णासाहेब प्रशस्तिपत्र वाचत होते. दुसऱ्यांदा. मी विचारले, परत कधी मागवायचे? ते म्हणाले, 'दिलेले परत मागतात का? संस्कृती आहे काही.'

२४ मार्च

उद्या रामनवमी. आज तांड्यात गेलो. गाडीत तेच एक वाक्य जुळवत होतो. दारव्हा येईपर्यंत ते इतके चांगले झाले की टाकून द्यावे लागले.

सुखीबाईला छायाचित्र दिले. सांगितले. फेटिया येणार नाही.

तिने छायाचित्र उजेडात नेले. रामी तिच्या खांद्यावरून पाहत होती.

'काच काहून लावली?' सुखीबाईने विचारले. माझ्याशी ती पहिल्यांदाच सरळ बोलली. 'काच तं मेल्याच्या फोटूले लावतेत.'

तिकडे तशी पद्धत आहे, म्हटले.

रामी हसली नाही. तिने छायाचित्रावर बोट ठेवून विचारले, 'हे उसवलेलं कोनं शिवाचं?' मग आत गेली.

नाईक उठला. 'फेटिया गेला तं म्हातारा राह्यला. रिवाज हाये. जयंती-बियंती तुमची तुमी पाहा.'

मी म्हटले, बरोबर आहे. ठेवा. मनापासून म्हटले. नोकरी जाईल, हेही लक्षात होते. हे लिहिताना ते वाक्य फारच धीरोदात्त दिसते आहे. म्हणताना मी दाराबाहेरच्या बैलाकडे बघत होतो.

पण सुखीबाई म्हणाली, 'नाई.' जेठासमोर, घुंगटातून, पण मोठ्याने. 'खुंटीवर आला तवा तो गहान होता. आता बाप हाये. बापाले कोनी अडवून ठेवते का? त्याची जयंती हाये म्हन्ते. मीच घेऊन येतो त्याले.'

नाईक बसला.

'आन् भावाले सांगजा,' ती मला म्हणाली, 'बहीन येऊन राह्यली.'

भाऊ म्हणजे अण्णासाहेब. मला एवढा वेळ हे सुचलेच नव्हते.

२६ मार्च

अण्णासाहेबांना सांगितले: तसबीर घेऊन सगळा तांडा जयंतीला येतो आहे. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. बहुतेक मतदार. त्यांना बहीण झाल्याचे सांगितले नाही.

त्यांनी विचारले नाही.

२ एप्रिल, रविवार

शताब्दी.

नऊच्या सुमाराला गाड्या आल्या. पुढच्या गाडीत रावसाहेब, मागे बायका गात. सगळे रस्ते थांबले. संग्रहालयाच्या इतिहासात पहिल्यांदा जागा पुरली नाही. नीलगाईच्या पाठीवरून कोणाचे तरी पोर उतरवावे लागले. परिपत्रकातले लोक ते हेच!

उपमंत्र्यांनी हार घातला. गुलाबी गाल पाहून म्हणाले, 'किती जिवंत रंगकाम आहे!'

अण्णासाहेबांचे भाषण. गर्दी पाहून त्यांना आवरेना. 'या तांड्यातल्या भगिनी मला परक्या नाहीत! या माझ्या सख्ख्या बहिणी आहेत! बाबांच्या मुली आहेत!'

टाळ्या.

सुखीबाई उठली. गर्दीतून सरळ व्यासपीठावर. तिने घुंगट वर केला — भावासमोर कसला घुंगट! — आणि अण्णासाहेबांच्या दोन्ही कानशिलांवरून हात फिरवून बोटे मोडली. ध्वनिक्षेपक समोरच होता.

'भाऊ, पौर्णिमेच्या आधी, सत्तावीस तारखेले, माह्या रामीचं लगन हाये. तू मामा हायेस. येजो. आन् माहा फेटिया दिल्लीतून घेऊन येजो.'

उपमंत्र्यांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेब म्हणाले, 'येणार! येणार!' छायाचित्रकाराने ते पुन्हा म्हणायला लावले.

रामी खाली माझ्याशेजारी उभी होती. 'आनंल का जी मास्तर हा मामा फेटिया?'

मी म्हटले, मोठा माणूस आहे.

'तेच तं,' रामी म्हणाली.

संध्याकाळी रावसाहेब आपल्या खिळ्यावर परत. तांडा रिकाम्या गाड्या घेऊन गेला. बायका जाताना गात नव्हत्या.

१० एप्रिल

बैठक. विषय एक: जयंतीच्या यशाबद्दल अभिनंदन. विषय दोन: मी मांडला.

'लग्न? कुणाचे लग्न?' अण्णासाहेब म्हणाले.

आठवण दिली.

'अहो, ते भाषण होते!'

दिल्लीला निदान पत्र लिहा, म्हटले. लिहिणार नाहीत. देणगी परत मागितली तर प्रशस्तिपत्राचे काय? विमलताईंनी सुचवले, मंडळातर्फे वधूला पोपटाचा रुमाल द्यावा. सत्तावीसला अण्णासाहेब नागपुरात आहेत, उमेदवारीच्या कामासाठी. मी संग्रहालयाच्या कागदावर शुभेच्छापत्र तयार करावे.

केले. 'समिती आपल्या आनंदात सहभागी आहे.' साहित्य घेऊन एम. ए. झालो, ते या वाक्यासाठी. अण्णासाहेबांनी न वाचता सही केली. वाचले असते तरी केली असती.

२० एप्रिल

नाईक आणि रामी लग्नाच्या खरेदीसाठी यवतमाळला आले होते. संग्रहालयात डोकावले. रामीने रावसाहेबांकडे पाहून डोक्यावरून ओढणी घेतली. आजोबा!

'मामा येनार ना?'

मी खुर्ची सरकवली. पाणी मागवले. तेवढ्यात नाईकच म्हणाला, 'लेकी, मास्तराले कायले इचारतं? त्याचं तोंड पाहा.'

रामी नीलगाईपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, 'फेटिया गेला तं गेला. याडीच्या लग्नातला हाये, जुना, तो घालीन मी. पन त्या दिवशी माहेरचं कोनीच नाई आलं तं सासरचे जलमभर बोलतीन. याडीले बोलले तसे.' आणि पुढे, नीलगाईकडे बघत: 'तिनं ते खुंटी पुसून ठेवली हाये. येडी हाये.'

शुभेच्छापत्र माझ्या खणात होते. दिले नाही.

२६ एप्रिल

संध्याकाळी दारे लावताना रामलालला विचारले, छत्री आहे का? कशाला, म्हणून त्याने विचारले नाही. घेऊनच आला होता.

२७ एप्रिल, तांडा

रावसाहेब वेळेवर पोचले. या वेळी स्टेशनवर बाबूला 'प्रवासी' सांगितले. तिकीट काढले. संग्रहालयाच्या खिळ्यावर शिक्क्याची पावती टांगून आलो आहे: 'तैलचित्र एक, लोकांना दिले.' सही माझी. पडली असेल तर पडली असेल.

सुखीबाईने रावसाहेबांना पुसलेल्या खुंटीवर चढवले. व्याही मंडळी आली, पाहून गेली. माहेर आहे, एवढे त्यांना दिसले.

रामीने आईचा जुना फेटिया घातला होता. आजोबांच्या पाया पडली. मग माझ्या. मी मागे सरलो. म्हटले, मी कोणी नाही, मी फक्त घेऊन आलो.

सुखीबाईने माझ्यासमोर घुंगट वर केला.

'बापाले लेकीच्या घरी कोन घेऊन येते?' ती म्हणाली. 'भाऊच ना?'

नाईकाने दंड धरून जागा दाखवली. मामाने नवरीच्या मागे उभे राहायचे असते.

उभा राहिलो.